अण्णांच्या बीपीच्या गोळ्या कमी करताना

साठीत सुरू झालेल्या रक्तदाबाच्या गोळ्या नव्वदी जवळ आल्यावरही त्याच मात्रेत घेत राहाव्यात का, आणि त्या वयात त्यांचा मेंदूवर काय परिणाम होतो, हा प्रश्न माझ्या सासऱ्यांच्या निमित्ताने आमच्या घरात उभा राहिला. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. त्यांचे वय तेव्हा ८८ होते. कराड तालुक्यातल्या एका विविध कार्यकारी सोसायटीचे सचिव म्हणून त्यांनी नोकरीची सगळी वर्षे काढली आणि निवृत्तीनंतरही घरच्या दुधाचा, किराण्याचा आणि उसाच्या बिलाचा हिशेब त्यांनी स्वतःकडेच ठेवला. त्यामुळे त्यांच्या डोक्यात काही बिघडते आहे, हे आम्हाला सर्वांत आधी त्या हिशेबाच्या वहीत दिसले.

सकाळी लिहिलेल्या ओळी पूर्वीसारख्याच होत्या. अक्षर थोडे कापरे झालेले, पण रकाने सरळ आणि बेरीज बिनचूक. जेवणानंतर लिहिलेल्या ओळींत मात्र हातचा राहून गेलेला असे, एकाच दिवसाचे दूध दोनदा मांडलेले असे आणि एखाद्या ओळीत रकमेच्या जागी तारीखच लिहिलेली असे. दुपारी एक ते चारच्या दरम्यान ते एखादे वाक्य अर्धवट सोडून गप्प बसत, कधी मला नणंदेच्या नावाने हाक मारत. संध्याकाळचा चहा झाला की पुन्हा बरेचसे ताळ्यावर येत. घरात सगळ्यांचे म्हणणे एकच होते की आता वय झाले. मला ते पटत नव्हते, कारण वयाने आलेला विसर घड्याळ बघून येत नाही. नाश्त्यानंतर नऊच्या सुमारास गोळ्या आणि साडेबाराला जेवण, एवढ्या दोन गोष्टी रोज ठरलेल्या होत्या, आणि गोंधळ त्यानंतरच सुरू होत होता.

गावातल्या दवाखान्यात दर महिन्याला त्यांचा रक्तदाब मोजला जाई. खुर्चीत बसवून मोजल्यावर तो १२२/६८च्या आसपास भरे आणि तरुणाला लाजवेल असा बीपी आहे, म्हणून कौतुक होई. एकदा देवघरातून उठताना त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. त्यानंतर मी त्यांना पुण्यातल्या एका वृद्धरोगतज्ज्ञ बाईंकडे न्यायचे ठरवले. भेटीची वेळ घेतानाच तिकडून सांगण्यात आले की चालू असलेली आणि अधूनमधून घेतली जाणारी सगळी औषधे पिशवीत घालून आणावीत. चिठ्ठ्यांपेक्षा पाकिटे महत्त्वाची.

डॉक्टरांनी ती पिशवी टेबलावर रिकामी केली आणि प्रत्येक पाकिटाच्या मागचा बारीक मजकूर वाचायला सुरुवात केली. एका गोळीत टेल्मिसार्टन ४०, अॅम्लोडिपिन ५ आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ अशी रक्तदाबाची तीन औषधे एकत्र होती. दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेल्या, वेगळ्याच नावाच्या पाकिटात पुन्हा अॅम्लोडिपिन ५ होते. म्हणजे एकच औषध दोन नावांनी दुप्पट पोटात जात होते, आणि नावे वेगळी असल्याने आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षात येण्याचा प्रश्नच नव्हता. अॅम्लोडिपिनची मात्रा वाढली की पुष्कळ जणांचे घोटे सुजतात. तसे अण्णांचे सुजले होते, आणि त्या सुजेवर तिसऱ्या ठिकाणी लघवी वाढवणारी टॉर्सेमाइडची गोळी सुरू झाली होती. शिवाय छातीत दुखले तेव्हापासूनचे मेटोप्रोलोल होते, आणि प्रोस्टेटसाठी रात्री टॅमसुलोसिन होते. हे शेवटचे औषध रक्तदाबासाठी दिलेले नसले तरी उभे राहताना रक्तदाब खाली आणू शकते. एका औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध दिले जाते, हे वृद्धांच्या बाबतीत फार घडते, असे डॉक्टर म्हणाल्या. अण्णांच्या बाबतीत ती साखळी टेबलावर मांडलेलीच होती.

मग त्यांनी अण्णांना पाच मिनिटे कॉटवर आडवे केले आणि रक्तदाब घेतला. तो १३८/७४ भरला. उभे करून एका मिनिटाने घेतला तो ११२/६२, आणि तीन मिनिटांनी १०८/६०. "आजोबा, काही होतंय का?" असे त्यांनी विचारले, तेव्हा अण्णा "छे, काही नाही" म्हणाले, पण त्यांच्या उजव्या हाताची बोटे कॉटच्या लोखंडी दांडीवर इतकी घट्ट आवळलेली होती की पेरे पांढरी पडली होती. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० एवढा घसरला, तर ती नोंद घेण्याजोगी घसरण मानतात. अण्णांचा वरचा आकडा तीसने खाली आला होता. बसवून मोजलेल्या आकड्यात हे कधीच दिसले नसते. जेवणानंतर पोटाकडे रक्त अधिक वळते आणि म्हाताऱ्या माणसांचा रक्तदाब त्या वेळी आणखी उतरू शकतो, हे त्यांनी सांगितले तेव्हा मला वहीतल्या दुपारच्या ओळींचा अर्थ लागू लागला.

रक्ताच्या तपासणीत सोडियम १२७ आले. ते साधारण १३५ ते १४५ असायला हवे. हायड्रोक्लोरोथायझाइडसारख्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे वृद्धांचे सोडियम खाली जाते, आणि तेवढ्यानेही माणूस गोंधळतो, सुस्तावतो, तोल सांभाळू शकत नाही. याच्या बरोबरीने तीस गुणांची स्मरणशक्तीची चाचणी झाली, तीत अण्णांना २२ गुण मिळाले. घड्याळ काढायला सांगितले तेव्हा वर्तुळ आणि आकडे त्यांनी नीट काढले, पण अकरा वाजून दहा मिनिटे दाखवताना एक काटा अकरावर आणि दुसरा दहावर ठेवला. ते जुन्या काळची फायनल (सातवीची परीक्षा) झालेले आहेत, त्यामुळे शिक्षण कमी म्हणून गुण कमी, असे म्हणून सोडून देता येत नव्हते. विसराचा विकार थोडा सुरू झाला असावा आणि त्यावर सोडियमचा व उभ्या रक्तदाबाचा भार पडला असावा, असे डॉक्टरांचे मत पडले.

मेंदूला होणाऱ्या रक्तपुरवठ्याबद्दल त्यांनी जे सांगितले, ते मला महत्त्वाचे वाटले. निरोगी मेंदू रक्तदाब थोडा वरखाली झाला तरी आपल्याकडे येणारा प्रवाह स्थिर ठेवतो. पण अनेक वर्षे रक्तदाब जास्त राहिलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्या कडक होतात आणि हे स्थिर ठेवण्याचे काम त्यांना वरच्या पातळीवरच नीट जमते. अशा माणसाचा आकडा खाली आणला, तर कागदावर तो उत्तम दिसतो, पण उभे राहण्याच्या क्षणी मेंदूला रक्त कमी पडू शकते.

गोळ्या कमी करायच्या म्हटल्यावर घरात चर्चा पेटली. माझे मुंबईचे दीर म्हणाले, "वहिनी, गोळी थांबवली आणि उद्या लकव्याचा झटका आला, तर कोण जबाबदार?" ही भीती खोटी नव्हती, आणि डॉक्टरांनीही ती फोनवर नीट ऐकून घेतली. त्यांनी २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हायव्हेट' या चाचणीचा दाखला दिला. ८० किंवा त्याहून अधिक वयाच्या ३,८४५ रुग्णांवर ती झाली होती. इंडापामाइड आणि गरज पडल्यास पेरिंडोप्रिल देऊन रक्तदाब उतरवल्यावर एकूण मृत्यू २१ टक्क्यांनी आणि हृदय निकामी होण्याचे प्रमाण ६४ टक्क्यांनी घटले. फायदा एवढा स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. म्हणून ऐंशी ओलांडली की बीपीच्या गोळ्या निरुपयोगी, असे कोणी म्हणत असेल तर ते चुकीचे आहे, असे त्या निक्षून म्हणाल्या. परंतु त्या चाचणीत घेतलेल्या रुग्णांचा वरचा आकडा आधी १६० किंवा त्याहून जास्त होता आणि तो १५०पर्यंत आणायचा होता. अण्णा १२२वर होते. शिवाय त्याच चाचणीत स्मृतिभ्रंश कमी होतो का, हेही तपासले होते, आणि तिथे संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल असा फरक सापडला नव्हता.

न्यू जर्सीत असलेल्या पुतण्याने याच्या उलट टोकाचा मुद्दा मांडला. त्याने २०१९मध्ये आलेल्या 'स्प्रिंट माइंड'च्या निष्कर्षांचा दुवा पाठवला. ९,३६१ लोकांच्या त्या चाचणीत वरचा आकडा १४०ऐवजी १२०च्या खाली ठेवल्यावर सौम्य बौद्धिक ऱ्हासाचे प्रमाण १९ टक्क्यांनी घटलेले दिसले; स्मृतिभ्रंशातली घट मात्र खात्रीने सांगता येण्याइतकी नव्हती. मग आजोबांचा बीपी वाढू देणे हे मेंदूच्या विरोधात नाही का, असे त्याने विचारले. प्रश्न रास्त होता. डॉक्टरांचे उत्तर मला आजही नेमके आठवते: त्या चाचणीत मधुमेही नव्हते, पूर्वी पक्षाघात झालेले नव्हते, शुश्रूषागृहात राहणारे नव्हते, आणि उभे राहिल्यावर एका मिनिटाने ज्यांचा वरचा आकडा ११०च्या खाली जातो किंवा बसून तो मुळातच १३०च्या खाली असतो त्यांना प्रवेशच नव्हता. अण्णांचा बसून १२२ होता. ज्या चाचणीने त्यांना दारातूनच परत पाठवले असते, तिचा निष्कर्ष त्यांना लावता येत नाही. एखादे संशोधन वाचताना आकड्यांच्या आधी त्यात कोणाला घेतले आणि कोणाला वगळले ते बघावे, ही सवय मला तेव्हापासून लागली.

शेवटी डॉक्टरांनी अण्णांनाच विचारले. इतका वेळ आम्ही सगळे त्यांच्याविषयी बोलत होतो आणि ते शांतपणे ऐकत होते. ते म्हणाले, "मला पडायचं नाही आणि हिशेब मला स्वतःला करायचाय. बाकी तुम्ही ठरवा." त्या दोन अपेक्षा डॉक्टरांनी फाइलवर जशाच्या तशा लिहून घेतल्या.

गोळ्या कमी करण्याची रीत अतिशय सावकाशीची होती. आधी २डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून हृदय निकामी होण्याची लक्षणे नाहीत याची खात्री केली, कारण ती असती तर टॉर्सेमाइडला हात लावता आला नसता. मेटोप्रोलोल तसेच ठेवले. ते एकदम बंद केले तर छातीचे दुखणे उसळू शकते आणि कमी करायचे झाले तरी पायरीपायरीनेच करावे लागते. पहिल्या टप्प्यात दुबार चाललेले अॅम्लोडिपिन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड निघाले. इथे एक व्यावहारिक अडचण आली. तीन औषधे एकाच गोळीत असली की त्यातले एक वगळता येत नाही आणि गोळी अर्धी केली तर तिन्ही औषधे अर्धी होतात. म्हणून ती गोळीच बंद करून टेल्मिसार्टन आणि अॅम्लोडिपिन वेगवेगळ्या पाकिटांत घ्यावे लागले. औषधाच्या दुकानदाराला हे दोनदा समजावून सांगावे लागले. नेहमीची गोळी सोडून दोन सुटी पाकिटे का हवीत, हे त्याच्या ध्यानात येत नव्हते. घोट्यांची सूज उतरू लागल्यावर टॉर्सेमाइड आधी एक दिवसाआड आणि मग बंद झाले. त्या काळात रोज सकाळी वजन करायचे, सूज बघायची आणि रात्री धाप लागते का ते विचारायचे, असे ठरवून दिले होते.

घरी रक्तदाब मोजण्याचीही शिस्त होती. दंडाला लावायचे यंत्र, पट्टा बाहीवरून न बांधता उघड्या दंडावर, पाय जमिनीला टेकलेले, हात हृदयाच्या पातळीवर, आधी पाच मिनिटे गप्प बसणे, आणि मग उभे राहून एका व तीन मिनिटांनी पुन्हा मोजणे. अण्णांनी आपल्या वहीत त्यासाठी वेगळे रकाने आखले: तारीख, वेळ, बसून, उभे, आणि शेवटी 'शेरा'. शेऱ्याखाली ते 'ठीक', 'अंधारी' किंवा 'झोप' असा एखादा शब्द लिहीत. डॉक्टरांना आकड्यांइतकाच या रकान्याचा उपयोग झाला.

दुसरा टप्पा काही आठवड्यांनी आला. त्यात अॅम्लोडिपिन ५वरून २.५वर आणले. या वेळी एकच औषध कमी करून वाट बघायची होती, आणि या पद्धतीला आधार होता. इंग्लंडमधल्या 'ऑप्टिमाइज' या २०२०च्या चाचणीत ८० वर्षांवरील ५६९ जण घेतले होते. ते दोन किंवा अधिक गोळ्यांवर होते आणि त्यांचा वरचा आकडा १५०च्या खाली होता. एक गोळी काढल्यावर बारा आठवड्यांनी त्यांपैकी ८६.४ टक्के लोकांचा आकडा १५०च्या आतच राहिला. गोळी न काढलेल्यांत हे प्रमाण ८७.७ टक्के होते. पण कमी केलेले औषध साधारण दोन तृतीयांश लोकांतच कमी राहिले, उरलेल्यांना ते पुन्हा सुरू करावे लागले, हेही डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते. ते आमच्या बाबतीत खरे ठरले. पौष महिन्यात थंडी वाढल्यावर सकाळचे आकडे सलग १६५च्या वर जाऊ लागले आणि अॅम्लोडिपिन पुन्हा ५ करावे लागले. दिरांना यात आपली शंका खरी ठरल्यासारखे वाटले. मला मात्र वाटते की औषध मागे घेऊन बघणे आणि गरज दिसताच परत देणे, या दोन्ही गोष्टी त्याच उपचाराचा भाग आहेत.

आता परिणामांबद्दल, कारण वाचणाऱ्याला तेच हवे असते. सोडियम वाढत वाढत १३५वर आले. उभ्याचा आकडा १२५च्या आसपास राहू लागला. दुपारची ती शून्य नजर जवळजवळ गेली, आणि वहीत जेवणानंतरच्या बेरजाही पुन्हा जुळू लागल्या. पण विसर गेला नाही. नातजावयाचे नाव त्यांना अजूनही आठवत नाही, आणि रविवार आहे का हे ते एकाच सकाळी तीनतीनदा विचारतात. चाचणीत २२चे २३ गुण झाले, तेव्हा मला फार आनंद झाला होता. डॉक्टरांनी सौम्य शब्दांत सांगितले की एका गुणाच्या फरकाला काही अर्थ नसतो. त्यांनी नेदरलँड्समधल्या लायडन इथल्या 'दांते' चाचणीची माहिती दिली. ७५ वर्षांवरील आणि थोडा बौद्धिक ऱ्हास सुरू झालेल्या ३८५ जणांवर ती झाली होती आणि २०१५मध्ये तिचे निष्कर्ष आले. गोळ्या थांबवल्याने सोळा आठवड्यांत स्मरणशक्ती, विचारशक्ती किंवा दैनंदिन कामांत सुधारणा झाली नाही. अण्णांचे जे सुधारले ते बहुधा सोडियममुळे आणि उभ्याचा रक्तदाब सावरल्यामुळे. स्मृतिभ्रंशाची मूळ प्रक्रिया गोळ्यांनी आणली नव्हती, तेव्हा गोळ्या काढून ती परतणार नव्हती. हे ऐकणे जड गेले, पण त्यामुळे पुढच्या काळाची तयारी करता आली.

याच्या विरुद्ध दिशेने बोट दाखवणारी निरीक्षणेही आहेत. कॅलिफोर्नियातल्या नव्वदीपुढच्या लोकांच्या दीर्घ अभ्यासात, ज्यांचा रक्तदाब ऐंशीनंतर वाढला त्यांच्यात स्मृतिभ्रंश कमी आढळला. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या शुश्रूषागृहांमधील २०२४च्या अभ्यासात ज्यांच्या गोळ्या कमी केल्या गेल्या त्यांची बुद्धी थोडी सावकाश ढासळली. मी हे उत्साहाने डॉक्टरांना सांगितले. त्या म्हणाल्या की स्मृतिभ्रंश उघड होण्याआधीच्या वर्षांत रक्तदाब आपोआप उतरू लागतो, त्यामुळे कमी रक्तदाब हे कारण आहे की आजाराचीच खूण, हे नुसत्या निरीक्षणातून वेगळे काढता येत नाही.

त्याच भेटीत माझ्या यजमानांनीही आपला रक्तदाब मोजून घेतला. ते ६१ वर्षांचे आहेत आणि वडिलांच्या गोळ्या कमी होताना पाहून त्यांनी स्वतःची गोळी अधूनमधून चुकवायला सुरुवात केली होती. आकडा १५४/९६ निघाला. डॉक्टरांनी त्यांना बराच वेळ बसवून घेतले. मध्यम वयातला वाढलेला रक्तदाब हे उतारवयातल्या स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे कारण आहे, आणि चीनच्या ग्रामीण भागात ३३,९९५ लोकांचा रक्तदाब गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांकरवी काटेकोरपणे १३०/८०च्या खाली आणण्याचा प्रयत्न झाला तेव्हा चार वर्षांत स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी झाला, असे त्यांनी सांगितले. वडिलांची मात्रा उतरवणाऱ्या त्याच हातांनी मुलाची मात्रा वाढवली. शेजारच्या काकू आपल्या सत्तरीतल्या बहिणीच्या गोळ्या बंद करण्याविषयी विचारायला आल्या, तेव्हा मी त्यांना हेच सांगितले, आणि स्वतःच्या मनाने एकही गोळी सोडू नका, असे बजावले.

अण्णांच्या फाइलवर आता बसून १४० ते १५० आणि उभ्याने १२०च्या खाली नको, असे लक्ष्य लिहिलेले आहे. युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२४च्या मार्गदर्शनात ८५ वर्षांवरील, अशक्त किंवा उभे राहताना त्रास होणाऱ्या रुग्णांसाठी लक्ष्य सैल ठेवायला मुभा दिली आहे. टॅमसुलोसिनचा निर्णय अजून व्हायचा आहे. ते बंद केले तर लघवी अडण्याची भीती आहे, त्यामुळे मूत्रविकारतज्ज्ञांचे मत घेऊन पुढच्या भेटीत ते ठरेल. तोवर रात्री उठताना अण्णांनी आधी कॉटच्या काठावर बसायचे, पावले दहावीसदा वरखाली हलवायची आणि मगच उभे राहायचे, असे ठरले आहे. उशाशी दिवा लावून ठेवण्याचे काम यजमानांकडे आहे.